भोपळ्याचं कार्ड आणि तासाचा भाव

 

पापड, कुरडया, मसाला, गोधडी यांवर आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललो. आज कागदाच्या कामाबद्दल बोलायचं आहे. शुभेच्छा कार्ड कसं करायचं, ठशाने चित्र कसं उमटवायचं आणि अल्कोहोल मार्करने ते कसं रंगवायचं, हा आजचा विषय. आणि कार्ड कुठल्या सणाचं? दिवाळीचं नाही, संक्रांतीचं नाही. हॅलोविनचं! हसू नका, पुढं ऐका. वही-पेन जवळ असेल तर घ्या, कारण मधे मापं आणि हिशोब येणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या गटाकडे अमेरिकेतून ४० कार्डांची मागणी आली. गटातल्या एका ताईंच्या जाऊबाई तिकडे राहतात आणि सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळेत शिकवतात. त्यांच्या वर्गातल्या मुलांना आपल्या मित्र-मैत्रिणींना द्यायला हाताने केलेली कार्डं हवी होती. वरती हॅलोविनचं चित्र, आत एक ओळ मराठीत. मागणी आली तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न आला, "हे हॅलोविन म्हणजे काय गं?" तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतं. ख्रिस्ती लोकांत १ नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस. आपल्याकडे वसईला, गोव्यात, मुंबईत ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्या संतांच्या दिवसाची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. पण या रात्रीच्या पुष्कळ चालीरीती आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या जुन्या सणाशी जोडल्या जातात. सुगी संपून थंडी सुरू व्हायची तेव्हाचा हा सण. या काळात गेलेली माणसं आणि भुतंखेतं जवळ येतात, असं तिथले लोक मानत. सुगी आणि पितर, दोन्हींची आठवण एकत्र. आपल्याला यात अगदीच परकं वाटायला नको.

आयर्लंडमध्ये लोक सलगमसारखा कंद पोखरून त्याला तोंड कोरायचे आणि आत दिवा ठेवायचे. एकोणिसाव्या शतकात तिथले पुष्कळ लोक अमेरिकेला गेले. तिथं त्यांना मिळाला मोठा, मऊ लाल भोपळा, आपल्याकडे कुणी डांगर म्हणतं तो. कोरायला सोपा, दिवा ठेवायला ऐसपैस. तेव्हापासून हसणारा भोपळा ही हॅलोविनची खूण झाली. त्या संध्याकाळी मुलं भुताची, मांजराची, कसलीतरी सोंगं घेऊन शेजारच्या दारी जातात आणि गोळ्या-चॉकलेटं मागतात.

या सणाची कार्डं पाठवायची पद्धतही शंभरावर वर्षं जुनी आहे. १९०० नंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत पोस्टकार्डांचं फार वेड होतं. एका सेंटात कार्ड जायचं. भोपळा, काळं मांजर, घुबड, चंद्र अशी चित्रं त्यावर असत. त्यातली पुष्कळ कार्डं छापली जात जर्मनीत. एलेन क्लॅपसॅडल नावाच्या एका चित्रकार बाईंनी काढलेली हॅलोविनची कार्डं लोक आजही जपून ठेवतात. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनीतून येणारी छपाई अडली. सांगायचा मुद्दा असा की एका देशाचा सण, दुसऱ्या देशात झालेलं काम, हे तेव्हाही होतंच. म्हणून आपल्या गावातल्या ओसरीवर अमेरिकेच्या सणाचं कार्ड होतंय, यात लाजण्यासारखं किंवा नवल करण्यासारखं काही नाही.

आता सामान. कागद, ठसा, ठशाची शाई आणि मार्कर. या चारांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर चित्र फिसकटतं.

आधी कागद. कार्डाला जाड कागद लागतो, साधारण २५० जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, ते. आकडा मोठा तितका कागद जाड. आपला नेहमीचा ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो. तो लांबीच्या मधोमध कापला की दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधे दुमडला की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड तयार. एका कागदात दोन कार्डं, वाया काही नाही. त्याला ११४ बाय १६२ मिलिमीटरचं पाकीट बरोबर बसतं. दुमडण्याआधी पट्टी ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून एक रेघ ओढा आणि मग दुमडा. घडी सुरीने कापल्यासारखी सरळ येते.

चित्र मात्र थेट कार्डावर काढायचं नाही. ते वेगळ्या तुकड्यावर काढायचं आणि मग कार्डावर चिकटवायचं. याचं कारण, अल्कोहोल मार्करचा रंग कागदातून आरपार जातो. थेट कार्डावर रंगवलं तर आतल्या बाजूला डाग दिसतात. चित्राचा तुकडा ९५ बाय १३८ मिलिमीटरचा कापा. असे चार तुकडे एका ए-फोर कागदात बसतात आणि कार्डावर चारी बाजूंनी पाच-पाच मिलिमीटरची कड सुटते. हा कागद गुळगुळीत हवा, पण चकचकीत लेपाचा नको. लेपाच्या कागदात रंग मुरत नाही, वरच राहतो आणि बोटाला लागतो. दुकानातून आधी दोन-तीन प्रकारचे एकेकच कागद आणा, करून बघा, मग गठ्ठा घ्या.

आता हे अल्कोहोल मार्कर. बैठकीत हे नाव काढलं तेव्हा आमच्या एक काकू पटकन म्हणाल्या, "अगं, गावातली दारू बंद करायला आपण मोर्चा काढला, आणि आता गटातच अल्कोहोल?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न बरोबर होता, म्हणून उत्तर सांगते. साध्या स्केचपेनात रंग पाण्यात विरघळवलेला असतो. या मार्करमध्ये तो अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. हात साफ करायच्या सॅनिटायझरचा वास आठवतो ना, साधारण तशाच जातीचं. ते प्यायचं नाही, ते विषारी असतं. कागदावर लागल्यावर अल्कोहोल लगेच उडून जातं आणि रंग मागे राहतो.

याचा फायदा काय? स्केचपेनने एका जागी दोनदा-तीनदा घासलं की कागदाचा भुसा निघतो आणि रेघा रेघा दिसतात. अल्कोहोल मार्करमध्ये नवा ओला थर खालच्या रंगाला परत थोडा सैल करतो आणि दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. म्हणून फिक्याकडून गडदकडे जाणारी छटा येते, आणि भोपळा गोल, भरीव दिसतो. जपानच्या एका कंपनीने १९८७ साली कॉपिक नावाचे असे मार्कर काढले. ते पुन्हा शाई भरून वापरता येतात, पण फार महाग असतात. शिकायला ते मुळीच लागत नाहीत. आता स्वस्तातले संचही मिळतात. साठ-ऐंशी रंगांचा संच बघून भुलू नका. हॅलोविनच्या कार्डाला तीन केशरी, दोन हिरवे, दोन तपकिरी, दोन राखाडी, एक फिका पिवळा आणि एक जांभळा, इतकं पुरतं.

मार्कर सांभाळायचे कसे तेही ऐका. दोन्ही बाजूंना टोक असलेले मार्कर आडवे ठेवायचे. उभे ठेवले तर शाई खाली उतरते आणि वरचं टोक कोरडं पडतं. टोपण 'टक' वाजेपर्यंत लावायचं. काम करताना खिडकी उघडी, आणि चूल, गॅस, निरांजन लांब. हे पेट घेणारं द्रव आहे. दम्याचा त्रास असेल, पोटात बाळ असेल, वासाने डोकं दुखत असेल, तर त्या ताईने कापायचं, दुमडायचं काम घ्यावं, रंगवायचं दुसरीने. लहान मुलांच्या हाताला हे मार्कर लागू देऊ नका.

आता ठसा. आपण शाळेत भेंडी कापून, बटाटा कोरून ठसेकाम केलेलं आहे. हे तेच, थोडं नाजूक. बाजारात लाकडावर बसवलेले रबरी ठसे मिळतात. पारदर्शक ठसेही मिळतात, ते जाड ॲक्रिलिकच्या तुकड्यावर चिकटवून वापरायचे. पारदर्शक ठशाचा फायदा असा की तो कुठे उमटतोय ते वरून दिसतं. पण तो उन्हात ठेवायचा नाही, खराब होतो. काम झालं की ओल्या फडक्याने पुसायचा.

ठशाच्या शाईची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ठशाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळणारी नको. पर्मनंट मार्करचा डाग सॅनिटायझरने पुसला की निघतो, हे पोरांच्या बाकावर कित्येकींनी पाहिलं असेल. तसंच इथं होतं. बाहेरची काळी रेघ अल्कोहोलमध्ये विरघळणारी असली, तर मार्कर फिरवताच काळं पसरतं आणि केशरी भोपळा चिखलात पडल्यासारखा दिसतो. म्हणून पाण्याच्या जातीची, लवकर वाळणारी शाई घ्यायची. दुकानदार काय म्हणतो त्यावर जाऊ नका, परीक्षा करा. फेकायच्या तुकड्यावर ठसा उमटवा, दहा मिनिटं वाळू द्या, मग त्यावरून सगळ्यात फिका मार्कर फिरवा. मार्करमागे राखाडी रंग ओढला गेला तर ते पॅड या कामाचं नाही.

चला, आता भोपळा रंगवू. खाली एक रद्दी कागद ठेवा, कारण रंग आरपार येणार. भोपळ्याच्या फाका असतात ना, एकेक फाक रंगवायची, सगळा भोपळा एकदम नाही. तीन रंग हाताशी ठेवा. पिवळसर केशरी, केशरी आणि विटकरी. पहिल्यांदा पिवळसर केशरीने पूर्ण फाक भरा. ओलं असतानाच केशरी रंग फाकेच्या दोन्ही कडांनी द्या. मग विटकरी, अगदी थोडा, दोन फाकांमधल्या खाचेत आणि तळाशी. आता उलट यायचं. विटकरी आणि केशरी जिथं भेटतात तिथं केशरी मार्कर छोट्या गोल हाताने फिरवा. केशरी आणि पिवळसर जिथं भेटतात तिथं पिवळसर फिरवा. सांधा दिसेनासा होतो. फाकेच्या मधे वरच्या बाजूला तांदळाएवढी जागा कोरी सोडा, तिथं उजेड पडल्यासारखा वाटतो.

अजून दोन गोष्टी. रंग कागदात मुरताना थोडा पसरतो, म्हणून रेघेला टेकवून रंगवू नका, केसभर आत थांबा, उरलेलं तो आपोआप गाठतो. दुसरं, रात्रीचं मोठं आकाश मार्करने भरायला जाऊ नका. पट्टे पडतात आणि मार्कर रिकामा होतो. त्यापेक्षा जांभळ्या किंवा काळ्या कागदाचा तुकडा मागे लावा, रंगवलेला भोपळा कडेने कापा आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या तुकड्यावर बसवा. तो वर उचलून आल्यासारखा दिसतो. मात्र फोम फार जाड लावला तर पाकीट फुगतं, तेवढं सांभाळा.

इथपर्यंत सगळ्यांना काम आवडलं होतं. अडचण आली ती चित्रांच्या यादीवर. जाऊबाईंनी पाठवलेल्या यादीत भोपळा होता, वटवाघूळ होतं, मांजर होतं, भूत होतं आणि चेटकीण होती. टोकदार टोपी, वाकडं नाक, हातात झाडू. तिकडं हॅलोविनला ती सगळीकडे असते, तिला कुणी घाबरत नाही. पण आमच्या गटातल्या एक आजी यादी ऐकून म्हणाल्या, "बाकी काही सांगा, ते चित्र मी रंगवायची नाही."

दोघी-तिघींना वाटलं, आजी भुताला घाबरल्या. तसं नव्हतं. आजी एकट्या राहतात. पुष्कळ वर्षांपूर्वी शेजारचं एक मूल आजारी पडलं, तेव्हा काही लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं होतं. "हिचीच नजर, हिनेच करणी केली." नळावर त्यांची घागर बाजूला सारली जायची. बारशाला बोलावणं येत नव्हतं. मूल पुढं दवाखान्याने बरं झालं, पण बोललेला शब्द गेला नाही. आजींनी हे आम्हाला दोन वाक्यांत सांगितलं आणि त्या कागद कापायला लागल्या. बैठकीत कुणी काही बोललं नाही बराच वेळ.

मैत्रिणींनो, तिकडच्या त्या टोपीवाल्या चेटकिणीच्या मागेही अशाच बायका आहेत. अमेरिकेत सेलम नावाच्या गावी १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ माणसांना फाशी दिलं. त्यातल्या १४ बाया होत्या. पुढं काही वर्षांनी तिथल्या सरकारला चूक कळली आणि १७११ साली कित्येकांच्या घरच्यांना भरपाई दिली गेली. गेलेला जीव काही परत आला नाही. आज तिकडं चेटकीण खेळातली झाली, कारण त्या नावाने कुणी शेजारणीला मारत नाही. आपल्याकडे अजून तसं म्हणता येत नाही. सातपुड्याच्या भागात डाकीण ठरवून बायांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

म्हणून हे कान देऊन ऐका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. एखादी बाई करणी करते, तिच्यामुळे माणसं-जनावरं आजारी पडतात, असं जाहीर करून तिला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. आपल्या गटाच्या, ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय एकदा घ्या. एकट्या राहणाऱ्या बाईच्या बाजूने दहा बाया उभ्या राहिल्या तर बोट दाखवणारा हात खाली येतो.

मग कार्डाचं काय झालं? आम्ही चेटकीण यादीतून काढायचं ठरवलं आणि जाऊबाईंना फोनवर कारण सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं. पण तिच्या जागी काय? तेव्हा गटातली सगळ्यात धाकटी पोर म्हणाली, "भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी घेऊ ना!" लख्ख उजेड पडल्यासारखं झालं. भोपळा त्यांचाही, आपलाही. वाटेत वाघ-कोल्हे भेटतात आणि म्हातारी अकलेने सुटते, ती गोष्ट कुठल्या मराठी मुलाला माहीत नाही? तिकडच्या मुलांना मराठी वर्गात सांगायला गोष्ट मिळाली आणि आपल्याला आपलं चित्र मिळालं. आत ओळ लिहिली, "भोपळ्यातल्या आजीचा तुला नमस्कार."

तो ठसा बाजारात मिळणार नव्हता, म्हणून आम्ही मोठ्या खोडरबरवर कोरला. रीत सोपी आहे. पातळ बटर पेपरवर पेन्सिलीने चित्र काढा. पेन्सिलीची बाजू खोडरबरवर ठेवून मागून नखाने घासा. चित्र उलटं उतरतं. उलटंच हवं, म्हणजे कागदावर सुलट येतं. जे पांढरं राहायला हवं ते कटरच्या टोकाने कोरून काढा, रेघा ठेवा. कटर नेहमी स्वतःपासून लांबच्या दिशेने चालवा. म्हातारीचा चेहरा कोरला त्याच आजींनी. तिला त्यांनी मोठं कुंकू लावलं आणि हसतं तोंड दिलं.

यात अजून एक फायदा झाला. दुसऱ्याने काढलेल्या चित्रावर त्याचा हक्क असतो. विकत घेतलेल्या ठशाने हाताने कार्डं करून विकायला काही कंपन्या परवानगी देतात, काही देत नाहीत, काहींच्या अटी असतात. ठशाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा. त्या चित्राची झेरॉक्स काढून विकणं तर करूच नका. टीव्हीतल्या कार्टूनची चित्रंही घेऊ नका. आपण काढलेला, आपण कोरलेला ठसा मात्र आपला.

आता हिशोब. मघाशी म्हटलं होतं ना वही काढा म्हणून.

बैठकीत विचारलं, एका कार्डाचे किती घ्यायचे? पहिलं उत्तर आलं, वीस रुपये. का, तर "कागदच आहे की, आणि बसून करायचं काम." मी फळ्यावर लिहीत गेले. आमच्याकडचे भाव सांगते, तुमच्याकडे वेगळे असतील, पण रीत तीच.

कार्डाचा जाड कागद ५ रुपये. चित्राचा तुकडा ३ रुपये. पाकीट ४ रुपये. रंगीत कागद, गोंद, फोम ३ रुपये. झाले १५ रुपये, आणि हे फक्त सामान. आता मार्करचा संच, ठसे, शाईचं पॅड मिळून २,५०० रुपये गेले होते, गटाच्या बचतीतून. ते २५० कार्डांत वसूल करायचे ठरवले, म्हणजे एका कार्डामागे १० रुपये. झाले २५. म्हणजे वीस रुपयांत विकलं असतं तर आपणच प्रत्येक कार्डामागे पाच रुपये देऊन वर फुकट राबलो असतो!

आणि मजुरी? आमच्याकडे निंदणीला बाईला दिवसाचे ३०० रुपये मिळतात, सहा तासांचे. तासाला ५० झाले. पाच जणींनी कामं वाटून घेतली. एक कापणार-दुमडणार, एक ठसे उमटवणार, दोघी रंगवणार, एक चिकटवणार आणि तपासणार. ४० कार्डांना सगळ्यांचे मिळून २४ तास लागले. त्याचे १,२०० रुपये, म्हणजे कार्डामागे ३० रुपये. खराब होणाऱ्या कार्डांसाठी ५ रुपये आणि गटाच्या फंडाला १० रुपये. सगळे मिळून ७० रुपये. टपालखर्च वेगळा. ४० कार्डांचे २,८०० रुपये. जाऊबाईंना हाच हिशोब फोडून पाठवला आणि त्यांनी घासाघीस न करता पैसे पाठवले.

इथं मला एक सांगायचं आहे. शेतात वाकून केलेल्या कामाला मजुरी असते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण घरात बसून केलेल्या कामाचा तास आपण मोजतच नाही. शिवण, विणकाम, रांगोळी, भरतकाम, सगळं "रिकाम्या वेळात केलं" असं म्हणतो. अहो, बाईचा रिकामा वेळ कुठं असतो? दोन तास कार्ड रंगवायला बसलात, तर ते दोन तास झोपेतून, नाहीतर विसाव्यातून काढलेले असतात. म्हणून भिंतीवर कागद लावा. कोण किती वाजता बसली, किती वाजता उठली, लिहा. लिहिता येत नसेल तर तासाला एक टिकली लावा. आमच्या आजींनी टिकल्याच लावल्या होत्या, कोरण्याच्या आणि कापण्याच्या मिळून सात. त्यांचे ३५० रुपये त्यांच्या हातात दिले तेव्हा त्यांनी ते दोनदा मोजले.

वेळेचं गणितही सांभाळा. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला म्हणजे कार्डं तिथं पंधरा दिवस आधी पोचली पाहिजेत. परदेशाच्या टपालाला किती दिवस लागतात, तिकडे कर लागतो का, कोणते कागद भरायचे, हे पाकीट बांधण्याआधी पोस्टात विचारून घ्या. नियम बदलत असतात. आम्ही श्रावणात काम सुरू केलं आणि सप्टेंबरच्या मध्याला पार्सल टाकलं. ते एका अर्थी सोयीचं होतं. पुढं सोयाबीनची काढणी, मग कापूस, मग दिवाळी. तेव्हा कुणाला बसायला फुरसत नसते. पाठवण्याआधी दोघींनी प्रत्येक कार्ड तपासायचं. इंग्रजी शुभेच्छेचं स्पेलिंग बरोबर आहे का, बोटाचा डाग नाही ना, चित्र सुटत नाही ना. कागद पावसाळी हवेत ओलावा धरतो, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मग खोक्यात.

आणि असं समजू नका की परदेशी मागणी आली तरच हे काम. मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांत, इंग्रजी शाळांत हल्ली हॅलोविन करतात, तिथं विचारून बघता येईल. पण त्याहून जवळचं गिऱ्हाईक आपलंच आहे. हेच मार्कर, हीच रीत, फक्त ठसा बदला. भोपळ्याच्या जागी पणती, की दिवाळीचं कार्ड झालं. तिळगुळाच्या पुडीवरचं लेबल, राखीचं पाकीट, हळदी-कुंकवाचं आमंत्रण, बारशाचं कार्ड. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाला गटाचा माल जातो, तेव्हा मसाल्याच्या पाकिटाला हाताने रंगवलेली छोटी चिठ्ठी लावून बघा. पण सुरुवात छोटी करा. कर्ज काढून मोठा संच आणू नका. बारा मार्कर, एक शाईचं पॅड आणि दोन खोडरबर, एवढ्यावर वीस कार्डं करा, पाच ओळखीच्या माणसांना दाखवा, मग पुढचं ठरवा.

या आठवड्यात प्रत्येक गटाने दोन कामं करायची. पहिलं, एका खोडरबरवर आपल्या गावाची ओळख सांगणारं एक चित्र कोरायचं. विहीर असो, बैल असो, कणीस असो. दुसरं, आपल्या गटाच्या कुठल्याही एका वस्तूचा हिशोब तास धरून पुन्हा मांडायचा. पापडाचा मांडा, गोधडीचा मांडा. आकडा बघून बैठकीत बोला. आणि कोरलेला ठसा उमटवून कागद आपल्या केंद्रावर पाठवा. सगळे ठसे आम्ही इथल्या भिंतीवर लावणार आहोत.

आमचा म्हातारीचा ठसा तिथं लागलेला आहेच. तिच्या शेजारी तुमचा हवा. येते मैत्रिणींनो. नमस्कार.